भेगरू : काळ्या मातीच्या भेगेत राहणारा परग्रही जीव (शरीर, समाज आणि तुमच्या सूचना)

काळी_माती (यवतमाळ जिल्हा)
१० मे, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मागच्या आठवड्यात वावरात गेलो होतो. कपाशीच्या पराट्या उपटून झाल्या होत्या, रान मोकळं होतं. गोऱ्ह्याच्या गळ्यातली घंटी तुटली आणि भेगेत पडली. एकदा वाजली, मग आणखी खाली जाऊन एकदा वाजली, मग काही नाही. पोटावर झोपून हात घातला. वर माती इतकी तापली होती की सदऱ्यातून पोट भाजत होतं. कोपरापर्यंत गरमच. त्याच्या पुढे हात गेला तशी बोटं गार पडली आणि भिंतीला ओल लागली. खांद्यापर्यंत हात गेला तरी तळ नाही. बॅटरी लावून पाहिलं तर एक लहानसं बेडूक एका भिंतीला पाठ आणि दुसऱ्या भिंतीला पाय टेकवून बसलेलं. बाहेर उन्हाचा कहर, आणि हे तिथं निवांत.

घंटी मिळाली नाही. पण त्या दिवसापासून डोक्यात एक जीव घर करून आहे. नाव भेगरू. पाखरू, वासरू, तसं भेगरू. अनेकवचन भेगरं.

ग्रहाचं नाव रखरख. त्याची कक्षा लांबट आहे. ग्रह ताऱ्याजवळ असला की झपाट्यानं पळतो आणि दूर असला की रेंगाळतो, हा केप्लरचा १६०९चा नियम. रखरखचं वर्ष आपल्या २४ महिन्यांचं. त्यातले ४ महिने तो ताऱ्याजवळून जातो, तेव्हा उथळ समुद्रांची वाफ होते आणि धो धो पाऊस पडतो. उरलेले २० महिने आभाळात ढग नाही. दिवसा चटका, रात्री हिव.

माती आपलीच आहे. मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की फुगतात, निघून गेलं की आकसतात. आपल्या वावरातल्या भेगा यामुळेच पडतात. रखरखचं गुरुत्व पृथ्वीच्या दोन तृतीयांश धरलं आहे आणि मातीचा थर फार जाड, म्हणून भेगा ३०-४० फूट खोल. वर रुंद, खाली निमुळत्या.

आता शरीर. भेगरू उभ्या ठेवलेल्या पाटीसारखं चपटं आहे. लांबी चार हात, उंची एक हात, जाडी चार बोटं. दोन्ही कुशींना मऊ गाद्यांसारखे पाय, एकेका बाजूला २२. त्यांना मी टेकू म्हणतो. दोन्ही भिंतींना टेकू रोवून ते वर-खाली सरकतं, जसा विहिरीत उतरणारा माणूस पाठ आणि पाय टेकवत उतरतो. भेगेत वळायला जागा नाही म्हणून पुढेही चालतं, मागेही चालतं. वरच्या कडेला एक लांब डोळा आहे, माथपट्टी. भेगेतून आभाळाची जेवढी रेघ दिसते तेवढीच त्याला पाहायची असते, म्हणून त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. मेंदू एका जागी नाही. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी न्यूरॉनांपैकी दोन तृतीयांश त्याच्या बाहूंमध्ये असतात, तसंच इथं प्रत्येक टेकूच्या मुळाशी मज्जातंतूंची एक गाठ आहे. रक्त निळं, तांब्याचं, तेही ऑक्टोपससारखंच. श्वास कातडीतून.

पावसाळ्यात भेगा मिटतात, तेव्हा वर येऊन ती एका कुशीवर आडवी होतात आणि चार महिने तशीच सपाट चालतात. अंडी भिंतीत ठेवून येतात. माती मिटते, अंडी आत राहतात, भेगा पुन्हा उघडल्या की फुटतात.

खाणं बुरशीचं. उधई वारुळात बुरशीची बाग करते, त्या धर्तीवर.

समाज असा: अंड्याच्या रंगावरून चार प्रकार. खणे भेग रुंद करतात. पोशे बुरशी सांभाळतात. राखे तोंडाशी पहारा देतात. वारे सगळ्यांत खाली राहून हवा हलवतात, त्यांना वर यायची मुभा नाही. आणि एक थोरली, तीच अंडी घालते.

कुठे चुकतंय ते मनमोकळं सांगा. या जिवात माझा खरंच जीव गुंतला आहे.

—

मोहफूल (गोंदिया)
१० मे, रात्री १०.०५

दादा, फार आवडलं. बुरशीची बाग तर आमच्या रोजच्या ओळखीची. पावसाळ्यात जंगलात वारुळावर सात्या उगवतात ना, त्या उधईच्या बागेतल्याच बुरशीच्या छत्र्या. लोक पहाटे टोपल्या घेऊन जातात. तुमच्या भेगरांची बुरशीही पावसाळ्यात वर छत्र्या काढेल का? मग त्यांना चार महिने वर खायला मिळेल, आणि कोणत्या भेगा कुठे मिटल्या याची खूणही राहील.

एक शंका. दोन भेगरं भेगेत समोरासमोर आली तर? आमच्या पांदणीत दोन बैलगाड्या आल्या की रिकामी गाडी बाजूला घेतात, भरलेलीला वाट देतात. तसा काही रिवाज त्यांच्यात असेलच.

—

काळी_माती
१० मे, रात्री १०.३०

मोहफूल ताई, दोन्ही घेतलं. ओझं असलेलं भेगरू जागेवर थांबेल, रिकामं त्याच्या अंगावरून ओलांडून जाईल. आणि ओलांडताना टेकूंचा स्पर्श होतो, तोच त्यांचा रामराम. कोण, कुठून आलं, खाली हवा कशी आहे, हे सगळं त्या स्पर्शात कळतं.

—

आठ_परस (वाशीम)
११ मे, सकाळी ७.१५

भाऊ, म्या तुमचं सारं वाचलं. पण तुमच्या भेगेत हवेचा घोळ हाये.

आमचे आबा विहिरी खंदत. आठ-आठ, दहा-दहा परस खोल. जुन्या विहिरीत उतराच्या आंधी ते कंदील पेटवून दोरानं खाली सोडत. म्या लहान होतो, काठावर बसून पाहाचो. कंदील खाली जाता जाता ज्योत पयले पिवळी होये, मंग बारीक होये, मंग एकदम पुक्कन विझे. वारा नाही, पाणी नाही, तरी विझे. आबा म्हनत, इथून खाली मानसाचं काम नाही. मंग कडुनिंबाचा मोठा डाहाळा दोराले बांधून घंटाभर वरखाली, वरखाली करत, अन् पुन्हा कंदील सोडत. ज्योत तळापावतर टिकली तरच उतरत. आमच्या शेजारच्या गावात एक जन हे न करता उतरला, त्याले काढाले दुसरा उतरला. दोघंही आले नाही. ते दिवस मी विसरलो नाही, म्हनून हे लिवून राह्यलो.

मातीतले जीवजंतू अन् मुळ्या श्वास घेते, त्याचा कार्बन डायऑक्साइड होते. तो हवेपेक्षा जड, खाली जाऊन बसते. तुमच्या भेगेत तं हजारो भेगरं अन् वरून बुरशी. तीही श्वास घेते. ४० फुटाच्या तळाशी काय राहीन सांगा? तुमचे वारे पयल्याच महिन्यात मरतीन.

—

काळी_माती
११ मे, सकाळी ७.५०

भाऊ, हे वाचून काही वेळ तसाच बसलो. डाहाळा वरखाली करणं हेच वाऱ्यांचं काम करतो. टेकूंच्या मध्ये पातळ पडदे, ते हलवून हवा वर ढकलायची. मधमाश्या पोळ्याच्या दाराशी ओळीनं बसून पंखांनी वारा घालतात, तशा ओळी भेगेच्या एका टोकाला. एका टोकानं हवा वर, दुसऱ्या टोकानं ताजी खाली. वारा थांबला तर किती वेळ तग धरतील, हे मात्र ठरवायला लागेल.

—

प्रयोगवही (वर्धा)
११ मे, दुपारी ३.४०

मी जीवशास्त्र शिकवते. सुट्टी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे कातडीतून श्वास. चपटकृमी असा श्वास घेतो, पण तो कागदासारखा पातळ असतो. ऑक्सिजन आपल्या आपण पेशींतून झिरपत जातो तो मिलिमीटरभर अंतरापर्यंतच भागतो. चार बोटं जाडीच्या शरीरात आतल्या पेशी गुदमरतील. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, पण त्याच्याकडे रक्तवाहिन्या आहेत, रक्तात हिमोग्लोबिन आहे, आणि त्याची कातडी सतत ओली लागते. तर भेगराला कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं द्या. भिंतीची ओल टेकूंना लागतेच, तेव्हा श्वासही टेकूंच्या गादीतूनच घेऊ द्या. म्हणजे ज्या पायानं ते उभं आहे त्याच पायानं श्वास घेतं, आणि कोरड्या भिंतीवर फार वेळ थांबू शकत नाही.

दुसरं, रक्त. तांब्याचं हिमोसायनिन दिसायला सुंदर, पण तेवढ्याच रक्तात ते हिमोग्लोबिनपेक्षा कमी ऑक्सिजन वाहतं. जिथं हवेचीच टंचाई आहे तिथं ते का द्यायचं? लाल रक्त द्या, आणि ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारं हिमोग्लोबिन द्या. आफ्रिकेत जमिनीखाली वसाहत करून राहणारा केस नसलेला मोल रॅट नावाचा उंदरासारखा प्राणी आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तो ऑक्सिजन अजिबात नसलेल्या हवेत १८ मिनिटं जिवंत राहिला. तेवढा वेळ त्याचं शरीर ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोज वापरून मेंदू आणि हृदय चालू ठेवतं, ज्याला ऑक्सिजन लागत नाही. ही युक्ती भेगरांना द्या. वारा थांबला तर किती वेळ, याचं उत्तर त्यात मिळेल.

तिसरं, हृदय. एकच हृदय ठेवलंत तर उभ्या भिंतीवर डोकं वर करून चढताना चार हात उंच रक्त चढवावं लागेल. लांबीभर पाच-सहा लहान हृदयं द्या. गांडुळालाही पुढच्या भागात अशा धडधडणाऱ्या वाहिन्यांच्या जोड्या असतातच.

चौथी गोष्ट आवडली म्हणून सांगते. कुशीवर आडवं होणं. समुद्रातले काही चपटे मासे पिल्लू असताना सरळ पोहतात, दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. मोठे होताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा कायमचा एका कुशीवर पडतो. तुमच्या भेगराला डोळा सरकवायची गरजच नाही, माथपट्टी कडेला आहे, आडवं झालं की तिला क्षितिज दिसेल.

—

लोणारची_लेक (बुलढाणा)
११ मे, रात्री ८.१०

माथपट्टीवरून मला आमचं लोणार सरोवर आठवलं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं. आम्ही घरातले सगळे कड्यावर जाऊन उभे होतो. सुमारे १.८ किलोमीटर रुंद खळगा, बेसाल्टमध्ये अशनी आदळून झालेला, आणि त्याच्या तळाशी पहाटेच्या रंगाचं पाणी. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात राहणारे हॅलोआर्किया वाढले, त्यांचा तो रंग. नमुन्याचं पाणी स्थिर ठेवल्यावर ते सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं.

तुम्ही पाऊस कधी येणार याचा विचार केलात, पण पावसाळा संपत आला हे भेगरांना कसं कळणार? वेळेत भेगेत उतरली नाहीत तर वरच करपतील. रखरखच्या पाणथळ जागा पावसानंतर आटत जातील, खारट होतील, गुलाबी होतील. पाणी गुलाबी झालं की उतरायची वेळ. मात्र त्यासाठी माथपट्टीला रंग दिसायला हवा. निदान दोन रंग वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आणि गुलाबी पाण्याच्या काठी सगळ्या भेगांतली भेगरं एकत्र जमतील ना? वर्षातून एकदाच. तिथं सोयरिकी जुळतील. नाहीतर एकाच भेगेतली आपसांत वाढून रक्त दुबळं होईल.

—

काळी_माती
११ मे, रात्री ९.००

लोणारची लेक, माथपट्टीला आजपासून रंग दिसतो. आणि ते जमणं मला इतकं हवंहवंसं वाटलं की त्याला नाव दिलं: गुलाबपाणी.

प्रयोगवही मॅडम, लाल रक्त, सहा हृदयं, टेकूंतून श्वास, सगळं वहीत उतरवलं.

—

पिंपळपान (अमरावती)
१२ मे, सकाळी ११.३०

दादा, शरीराबद्दल मला फार कळत नाही. समाजाबद्दल लिहिते.

तुम्ही लिहिलंय: वारे सगळ्यांत खाली राहतात, वाईट हवेत, आणि त्यांना वर यायची मुभा नाही. अंड्याच्या रंगावरून हे ठरतं. हे वाचताना मला माझ्या गावाचा नकाशा दिसला. कुणाची घरं कुठल्या दिशेला, कुणाच्या विहिरीवर कुणी जायचं नाही, कुणाच्या वाट्याला कोणतं काम. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीच्या मैदानावर होते. खेड्यातून निघाले, काही वाट पायी, काही वाट मिळेल त्या गाडीनं. शेवटपर्यंत सांगायचे, येताना रस्ता तोच होता पण चालणारा मी दुसरा होतो.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही मनापासून लिहिता हे दिसतं. पण रखरखवर माणूस नाही, आपला इतिहास नाही, आपली पोथी नाही. तिथं कामं जन्मावरून वाटायची हे तुम्ही ठरवलं, मातीनं नाही. बाकी प्रत्येक गोष्टीला तुम्ही कारण दिलंत. चपटं का, तर भेग अरुंद. पाय दोन्हीकडे का, तर भिंती दोन. वारे जन्मानं वारे का, याला कारण कुठं आहे?

—

सोयाबीन_७५ (अकोला)
१२ मे, दुपारी १२.१०

पण मुंग्या, मधमाश्या, उधई, सगळ्यांत राणी, कामकरी, सैनिक असतातच की. निसर्गातच तसं आहे. भाऊनं तिथूनच घेतलं असेल.

—

प्रयोगवही
१२ मे, दुपारी २.२५

निसर्गात तसं आहे असं आपण म्हणतो, पण नीट पाहिलं तर बरंच वेगळं आहे.

मधमाशीची राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात. पहिले काही दिवस सगळ्या अळ्यांना सारखंच खाणं मिळतं. पुढे जिला तेच विशेष खाणं मिळत राहतं ती राणी होते, बाकीच्या कामकरी. फरक खाण्याचा आहे. कामकऱ्यांतही कामं वयानुसार बदलतात. आधी घरं साफ करायची, मग अळ्यांना भरवायचं, मग मेण, मग दाराशी पहारा, आणि शेवटी सुमारे तीन आठवड्यांची झाली की बाहेर फुलांवर. बहुतेक माश्या आयुष्यात यातली बरीच कामं करतात.

आणि आपल्या घराच्या वळचणीला बसणारी गांधीलमाशी. रोपालिडिया मार्जिनाटा या जातीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं काम केलं. तिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. राणी दांडगाई करत नाही, शांत असते. तिला काढून घेतलं तर कामकऱ्यांपैकीच एक पुढे येते, आणि तिची जागा बाकीच्या मान्य करतात.

उधईच्या राणीबरोबर राजाही असतो आणि कामकरी नर-मादी दोन्ही असतात, हे आपण तिला मुंगीची बहीण समजून विसरतो.

तेव्हा पिंपळपान विचारते ते विज्ञानाच्या बाजूनंही बरोबर आहे. कारण शोधा.

—

आठ_परस
१२ मे, सायंकाळी ६.४०

ताईचं खरं हाये. आमचे आबा विहिरीत उतरत तेव्हा वर दोर धरनारे त्याइचेच सोबती. उद्या ते उतरत, आबा दोर धरत. एकच मानूस कायमचा खाली, असं कोनी करत नव्हतं. केलं असतं तं दोर धरनाऱ्याचा हात ढिला झाला असता.

—

काळी_माती
१५ मे, रात्री ११.१०

तीन दिवस काही लिहिलं नाही. पिंपळपान ताई, तुमचं पत्रच म्हणावं लागेल ते, मी आईलाही वाचून दाखवलं. चार प्रकार मी मुंग्यांवरून घेतले असं मलाही वाटत होतं. तसं नव्हतं. हाताला जे आधीपासून ठाऊक होतं तेच कागदावर उतरलं. ते सगळं खोडलं.

मग पुन्हा वावरात गेलो आणि भेगेलाच विचारलं. काठीला खुणा करून मोजली. तोंडाशी चार बोटं, दीड फुटावर दोन बोटं, अडीच फुटावर जेमतेम एक. कारण डोळ्यांसमोरच होतं. भेग खाली निमुळती आहे, म्हणून कोण कुठे राहील हे अंगाच्या जाडीवर ठरतं, आणि जाडी वयावर.

अंडी तळाजवळच्या भिंतीत, कारण ओल तिथं टिकते. नुकतं फुटलेलं भेगरू बोटाएवढं पातळ, ते तळाशीच मावतं. वाईट हवाही तिथंच. म्हणून १८ मिनिटांची ती ताकद पिल्लांत सर्वांत जास्त, वयाबरोबर ती कमी होत जाते. वारा घालायचं काम पिल्लांचं, कारण त्या जागेत दुसरं कुणी शिरूच शकत नाही. पण पिल्लू वाढतं, जाड होतं, आणि भेगच त्याला वर ढकलते. मधल्या वयात बुरशीची बाग. आणखी जाड झालं की भिंती तासणं. सगळ्यांत म्हातारी, जाड, तोंडाशी, जिथं ऊन आणि हिव दोन्ही सोसावं लागतं.

म्हणजे प्रत्येक भेगरानं तळ पाहिलेला आहे. मधल्यांना आणि वरच्यांना खालचा वारा मंदावला की लगेच कळतं, कारण टेकूंना ती हवा आठवते. वारा मंदावला तर वरची सगळी खाणं थांबवतात, हालचाल थांबवतात, श्वास कमी करतात, म्हणजे खालच्यांना हवा उरेल. हा त्यांचा सर्वांत कडक नियम.

थोरलीही काढली. गुलाबपाण्यावर जोड्या जुळतात, पण अंडी पुढचा पाऊस तोंडावर आला की ठेवायची, जोडीतल्या प्रत्येक मादीनं. कोणतं पिल्लू कुणाचं हे कुणालाच कळत नाही. भेगेनं एकत्र फुटवलेली सगळी एकमेकांची एकभेगी. नातं तेवढंच, आणि ते पुरतं.

आता पाऊस ओळखणं. कोरड्या मातीवर पहिले थेंब पडल्यावर जो वास सुटतो त्याला दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये पेट्रिकोर असं नाव दिलं. त्यात जिओस्मिन असतं, मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं, आणि माणसाच्या नाकालाही ते अगदी अल्प प्रमाणात कळतं. तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना हा वास कोसांवरून येतो. ज्याला आला तो टेकूनं भिंत ठोकतो. पण अवकाळीचं काय? एका सरीला भुलून सगळी वर आली आणि मागे पाऊसच नाही, तर पिल्लं उन्हात संपतील. म्हणून एकाची ठोक पुरत नाही. तोंडाशी असलेल्यांपैकी बहुतेकांची ठोक एका लयीत आली तरच माद्या अंडी ठेवतात आणि खालची भेगरं वर चढायला लागतात. मधमाश्यांचा थवा नवी जागा निवडतो तेव्हाही अनेक टेहळ्या माश्यांचं एकमत व्हावं लागतं.

—

पिंपळपान
१६ मे, सकाळी ९.००

वारा मंदावला की वरच्यांनी श्वास कमी करायचा. दादा, हे मी आजोबांच्या फोटोसमोर बसून वाचलं.

—

खारपाणपट्टा (दर्यापूर)
१६ मे, दुपारी ४.३०

भाऊ, तुमचं सारं जमलं, एक राह्यलं. भेग वरून मिटते असं तुमी धरलं. तसं होत नाही. मृगाचा पयला मोठा पाऊस आला का पानी वावरात थांबतच नाही, वरून वाहत येऊन भेगेत घुसते अन् सरळ तळाले जाते. आमी म्हनतो, पयले दोन पाऊस भेगाच पिते. तळ आंधी फुगते. म्हनजे तुमची लेकरं सगळ्यात पयले दाबली जातीन, म्हातारे वर सुखरूप. हे पाहा.

—

काळी_माती
१२ जून, रात्री १०.४५

खारपाणपट्टा भाऊ, तुम्हाला उत्तर द्यायला महिना लागला, कारण पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आज दुपारी तीन वाजता आमच्याकडे पहिला मोठा पाऊस झाला. छत्री घेऊन घंटीच्या भेगेपाशी जाऊन बसलो. तुम्ही म्हणालात तसंच. धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, गढूळ पाणी बोटभर धारेनं आलं आणि भेगेच्या ओठावरून आत गेलं. खालून पाणी पडल्याचा आवाज येत होता, मग तो आवाज जवळ जवळ येत गेला. एक लहान बेडूक भिंतीला पाय लावत वर आलं आणि माझ्या चपलेपाशी बसलं. तेच मेमधलं की दुसरं, माहीत नाही.

भेगेचा एक ओठ जिथं जरा उंच होता, तिथून पाणी आत जात नव्हतं, बाजूनं वळत होतं. मूठभर मातीचा उंचवटा, पण पाणी वळलं. तिथं मला उत्तर मिळालं.

ठोक एका लयीत आली की म्हातारी भेगरं बाहेर पळत नाहीत. तोंडावर आडवी होतात, एकाला एक लागून, भेगेच्या वरच्या अंगाला. टेकू मातीत रोवून धुरा धरतात. येणारं पाणी त्यांच्या अंगावरून वळून जातं. तेवढ्या वेळात तळची पिल्लं आधी, मग मधली, अशी त्यांच्या पाठीवरून बाहेर येतात. ओलांडताना टेकूंचा स्पर्श होतो, मोहफूल ताईंनी सुचवलेला रामराम. शेवटचं पिल्लू गेलं की धुरा सुटतो. काहींना निघता येतं. काहींचे टेकू तोवर मातीत घट्ट बसलेले असतात, आणि माती फुगत जाते.

४ महिन्यांनी भेग पुन्हा उघडते. अंडी फुटतात. जिथं म्हातारी राहिली तिथं बुरशी सर्वांत दाट आलेली असते, आणि वरून उतरणारी मोठी भेगरं तीच खुडून तळाच्या पिल्लांना पहिला घास देतात.

एवढं धरून चाललो आहे की भेग त्याच जागी उघडते. ते आमच्या वावरात तरी खरं आहे का, हे पाहायचं आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना बाभळीच्या खुंट्या ठोकून आलो, वखराला लागणार नाहीत अशा, धुऱ्यालगत. आत्ता तिथं बोटही जात नाही. घंटी आतच आहे.